थोपवून धरलेला अपडेट

खमीस मुशैत, सौदी अरेबिया

आदरणीय हारूनभाई,

धाकट्या चुलतभावाचा, गफूरचा, सलाम. आम्ही इथे खुशाल, तुमचीही खुशाली अल्लाहकडे मागतो. जुबेदाभाभींचा गुडघा आता जिना चढू देतो का? दापोलीच्या कलमांना मोहोर किती आलाय? (विचारायचं म्हणून विचारत नाही, खरंच कळवा.)

इथली हकीकत अशी की, परदेश्यांच्या जागी सौदी माणसं नेमायच्या त्या सौदीकरणाच्या नियमाने दीड वर्षापूर्वी हॉस्पिटलात माझ्या हाताखाली नवाफ नावाचा सौदी तरुण आला. मी त्याला शिकवायचं, आणि तो शिकला की माझ्या इकाम्याचं, इथे राहायच्या परवान्याचं, काय ते मॅनेजर ठरवणार. माझी तक्रार काही नाही. मला फक्त त्याचा हेवा वाटतो, सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत.

आपल्या मेलच्या प्रोग्रामला रुग्णांचे रिपोर्ट कुलूपबंद करणारं वेगळं अ‍ॅड-ऑन लागायचं, आठवतं ना? ते मी सांभाळायचो, म्हणून डॉक्टर मंडळी जरा मान द्यायची. आता प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीने ते कुलूप स्वतःतच सामावून घेतलंय. जुनं अ‍ॅड-ऑन तिच्यात चालत नाही. त्याची शेवटची आवृत्ती एकच काम करते, सगळ्या किल्ल्या नव्याच्या हवाली करते आणि गप्प बसते. हे वाचून माझी भूकच मेली. मी ऐंशीच्या ऐंशी कॉम्प्युटरांवर अपडेट थोपवला आणि पॅकेजं एकमेकांशी जुळत नाहीत असं मॅनेजरला गंभीर चेहऱ्याने सांगितलं. (खोटं नव्हतं. फक्त दोन दिवसांच्या कामाला मी दोन महिने लावले.)

तर नवाफने स्टोअरमधल्या एका पडीक मशीनवर नवी आवृत्ती चढवली, चार मिनिटांत आपल्या किल्ल्या हलवल्या आणि वर सगळ्यांना कहवा पाजला. नागपूरच्या डॉक्टर रुचिरा माझ्यासमोर म्हणाल्या, "गफूर, नवाफ किती शांतपणे समजावतो हो." म्हणजे मी काय अकरा वर्षं ओरडत होतो? (थोडं ओरडत होतो.) माझा नुसता जळफळाट झाला.

त्यात दुसऱ्यांची मशीनं थोपवण्याच्या नादात माझंच राहून गेलं, आणि मंगळवारी ते आपोआप अपडेट झालं. हॉस्पिटलची सामायिक किल्ली माझ्याच मशीनवर, आणि ती हलवायला तिचा पासवर्ड लागतो. मक्क्याच्या लॅबचे रिपोर्ट उघडेनात, सध्या फॅक्सवर भागतंय. नवाफने अदबीने पासवर्ड विचारला. मी म्हटलं, "हबीबी, सुरक्षेचा प्रश्न आहे, असा कुणालाही देत नाहीत." तो माफी मागून गेला, त्याचा मला आणखीच राग आला. मॅनेजरने पंधरा तारखेपर्यंत मुदत दिलीय. तेव्हाच माझ्या इकाम्याच्या कागदावर सही करायची की नाही, तेही ते ठरवतील.

घरी सगळ्यांना सलाम, मुलांना दुआ.

तुमचा,
गफूर

ता. क. : पासवर्ड मला माहीत नाही. किल्ली तुम्ही बनवलीत, इतकी वर्षं मशीनच तो लक्षात ठेवून होतं, आणि मी सगळ्यांना सांगत आलो की ही व्यवस्था माझी. फोनवर विचारायची लाज वाटली, म्हणून सुट्टीवर निघालेल्या दत्तारामच्या हाती पत्र देतोय. मिळताच मेसेज करा.

ता. क. २ : नवाफने जुन्या फायलीतून तुमचा नंबर काढलाय म्हणे. त्याने विचारलंच तर आठवत नाही म्हणा.

ता. क. ३ : आत्ता नवाफ येऊन गेला. तुमच्याशी त्याचं कालच बोलणं झालं, पासवर्ड तुम्ही दिलात. त्याची चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवून मला म्हणाला, "मॅनेजरसमोर किल्ली तुम्हीच उघडा, मी तिथे नसेन." हारूनभाई, हॉस्पिटलने कमी पगारात मला घेऊन तुम्हाला घरी पाठवलं, तेव्हा तुम्हीही मला सगळं असंच लिहून दिलं होतंत. तुम्हाला माझा हेवा वाटला होता का, तेवढंच कळवा.