भैरोबाची खोळ डोहातून काढू देण्याविषयी

प्रति,
मेहेरबान मामलेदारसाहेब,
तालुका कचेरी, जिल्हा अहमदनगर

अर्जदार : कानिफनाथ रावजी गुरव, वय ५८, भैरोबाचा पुजारी, मौजे खैरदरा

विषय : पिण्याच्या डोहात सोडलेली देवाची शेंदराची खोळ बाहेर काढण्यास लेखी हुकूम मिळणेबाबत.

संदर्भ : तलाठ्यांची पाहणी, ता. ३ मार्च १९४४. शेरा : 'पाणी नितळ, तळ दिसतो. तक्रारीत तथ्य नाही.'

महोदय,

१. भैरोबाला पिढ्यान्‌पिढ्या तेलात कालवलेला शेंदूर चढत आला आहे. गेल्या चैत्रात त्याची सहा मणांची खोळ आपोआप सुटून पडली. अशी खोळ गोदावरीत नेऊन सोडण्याचा रिवाज आहे. लढाईमुळे मोटार मिळेना आणि बैलांना वैरण नव्हती. तेव्हा अर्जदारानेच तोड काढली की आपल्या ओढ्याच्या डोहातही गंगाच आहे. गाव खूश झाले, वाजतगाजत खोळ डोहात गेली. गाव त्याच डोहाचे पाणी पिते. पण देवाचा शेंदूर बाधेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. पुढे पाऊसही असा झाला नाही की ओढा वाहता व्हावा.

२. अर्जदाराची एकुलती लेक मनकर्णा दिवस गेल्यावर उलट्या सोसेनात म्हणून श्रावणात माहेरी आली. अर्जदाराने औषध म्हणून तीर्थ सुरू केले. खोळीचा गुण उतरावा म्हणून तळ ढवळून, तांबूस पाणी भरून आणी. आधी एक पळी, मग तीन, मग तांब्या. तिच्या पोटात कळा येऊ लागल्या. हात मनगटातून लोंबू लागले, भाकरी थापता येईना. ती म्हणे, "बापा, पानी लई गोड लागतंय, आनखी द्या." अर्जदाराने दिले. पौषात ती पोटातल्या लेकरासह गेली.

३. मिशनच्या दवाखान्यात तिला नेले ते फार उशिरा. तेथील कंपाउंडर इसहाक याने हिरड्यांवरची निळी रेघ पाहून विचारले, ही शेंदूर खाते काय? शेंदूर म्हणजे शिसे, आणि शिसे म्हणजे विष. सदर इसहाक म्हणजेच हा अर्ज लिहिणारा. गाव म्हणते, किरिस्तावाने गुरवाचे कान फुंकले. फुंकले तर फुंकले. ती रेघ आता लंकाबाई तेलिणीच्या हिरड्यांवर आहे आणि तिच्या दोन्ही नातींच्याही.

४. पंच म्हणतात, "देवानं टाकलं ते मानसानं उचलायचं न्हाई." हुकमावाचून डोहात उतरलास तर तंगडं मोडू, असेही म्हणतात. म्हणून लेखी हुकूम पाहिजे. खोळ फोडून एकट्याने बाहेर काढण्यास अर्जदार तयार आहे. सरकारास ही धर्मात ढवळाढवळ वाटत असेल तर भैरोबाच्या नावे समन्स काढावे. देव बोलणार नाही. त्याच्यातर्फे अर्जदार कबुली देईल. तेही कायद्यात बसत नसेल तर अर्जदारावर लेक मारल्याचा खटला भरावा, म्हणजे पुरावा म्हणून तरी सरकार खोळ वर काढील. एवढा मजकूर गाळावा, असे लिहिणाराने सुचवले होते. अर्जदार रडू लागला, सबब ठेवला आहे.

आपल्या हुकमाची वाट पाहत कचेरीच्या ओट्यावर बसलेला,
कानिफनाथ रावजी गुरव
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)
दस्तुर इसहाक, कंपाउंडर
ता. १९ एप्रिल १९४४

सोबत : तीर्थाची तांब्याची पळी, नग एक. ती कचेरीत जप्त करून ठेवावी. लंकाबाई रोज सकाळी आपला लोंबता हात दुसऱ्या हाताने सावरून तीर्थासाठी पुढे करते. पळी जवळ असली की अर्जदाराला नाही म्हणवत नाही.