सांडलेल्या टाचण्यांची फेरी

तीर्थरूप मामा,

तुमच्या रागावलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (रागावलेले तुम्ही की मी, हे आता नीटसं आठवत नाही, पण नमस्कार खरा आहे.) गुडघा कसा आहे? मामीने शिडीवर चढायची बंदी केली असेल आणि तुम्ही ती रोज मोडत असाल. मी ठीक आहे, म्हणजे जिवंत आहे.

तुमचं दुकान सोडून ज्या कंपनीच्या नोकरीसाठी मी इथे आलो, तिची मुलाखत अजून चालूच आहे. आधी फोनवर झाली, मग संगणकावर, मग काचेच्या खोलीत चौघांसमोर, मग त्या चौघांच्या साहेबांसमोर, आणि मग पुन्हा पहिल्यापासून, कारण मधल्या काळात साहेबच नोकरी सोडून गेले. (त्यांना दुसरीकडे इतक्या झटपट कोणी घेतलं, हे मला विचारायचं होतं.) एकाने माझा सर्वांत मोठा दोष विचारला. राग येतो, म्हटलं. उदाहरण द्या, म्हणाला. थांबा, येतोच आहे, म्हटलं. त्याने ते लिहून घेतलं.

इतके हेलपाटे घातल्यावर तिथला पहारेकरी मला सलाम ठोकू लागला आणि चहावाल्या बाई न विचारता बिनसाखरेचा चहा आणू लागल्या. घोटाळा त्यातूनच झाला. एकदा मी काचेच्या खोलीत ताटकळत बसलो असताना एक मुलगी आली, "सर, आत येऊ?" म्हणाली आणि अर्ज पुढे करून समोर बसली. तीही माझ्यासारखीच उमेदवार, आणि मला साहेब समजत होती. सांगून टाकायला हवं होतं, कळतंय मला. पण मामा, त्या इमारतीत मला "सर" म्हणणारी ती पहिलीच! मग मुलाखत घेणं आलं, आणि मला येते ती एकच, तुमची. तुम्ही नव्या माणसापुढे मिसळलेल्या खिळ्यांचा डबा ठेवून चहाला जाता आणि परत येऊन बघता, न सांगता निवडून ठेवलेत का. इथे खिळे कुठले? मी टाचण्या-क्लिपांची डबी टेबलावर उपडी केली आणि पाणी प्यायला गेलो. परत येतो तर टाचण्या एकीकडे, क्लिपा दुसरीकडे, वाकड्या झालेल्या तिसरीकडे. मी तिच्या अर्जावर "घ्यावे" असं लिहिलं आणि सटकलो. आणि त्यांनी घेतलं की हो तिला!

माझ्या पुढच्या फेरीला टेबलापलीकडे तीच. बोलता बोलता तिने डबी माझ्यापुढे उपडी केली आणि पाणी प्यायला गेली. मी त्या दिवशी सकाळपासून उपाशी ताटकळलेला, त्यामुळे कसली परीक्षा आणि कसलं काय, डोकंच फिरलं. ती परतली तशी म्हणालो, "उचला तुमच्या टाचण्या. मी काही इथला नोकर नाही." (एवढी खरी गोष्ट त्या खोलीत माझ्या तोंडून आजवर निघाली नव्हती.) ती शांतपणे म्हणाली, "सर, ही तुम्हीच घेतली होती ना माझी परीक्षा?" मामा, तुमच्या दुकानात वाढलेला मी, तुमच्याच परीक्षेत नापास झालो. फार लाज वाटली. 

बाकी क्षेम. मामीला नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. मुलगी भली आहे. म्हणाली, "शेवटची संधी म्हणून तुमच्या आधीच्या मालकांशी फोनवर बोलते." मी तुमचा नंबर दिला आहे. भाचा आनंदाने, सगळ्यांचे आशीर्वाद घेऊन गेला, असं सांगावं. जाताना मी गिऱ्हाइकांसमोर केलेलं "खिळ्यांच्या डब्यात गंजायचं नाही मला" हे भाषण वगळावं.

आणखी ता. क. "त्याला पुन्हा कामावर घ्याल का?" असं ती विचारणार आहे. तिथे मात्र माझ्यासाठी खोटं बोलू नका. फक्त जे उत्तर द्याल, ते तिच्याआधी मला कळवा. आणि गल्ल्याशेजारच्या माझ्या स्टुलावर हल्ली कोण बसतं?