मशीन झालेली सृष्टी

पेडगाव,
१० नोव्हेंबर २०२५

सौ. सुकेशनीताईस,
दत्ताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर मी गडबडतो, म्हणून लिहितो. शनिवारी मी चौथीच्या मुलांना एआय शिकवतो, हे तुला माहीत आहेच. शाळेचा संगणक बंद आहे, म्हणून वर्गातल्या सृष्टीलाच मशीन केलं आहे. तिने शेळी-मेंढी कधी पाहिलीच नाही असं धरायचं. मुलं आपण काढलेली चित्रं दाखवून नावं सांगतात आणि तेवढ्यावरून तिने नवा प्राणी ओळखायचा.

बावीस तारखेला मुख्याध्यापिका रेणुकाबाई आणि पालक बघायला येणार आहेत. त्यांना पटलं तर वर्ग राहील. नाही तर बाबांनी पुण्याच्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला आहे. बारावी नापासाने मशिनीला काय शिकवायचं, असं ते म्हणतात. सृष्टीकडून उत्तरं पाठ करून घेऊ का?

माझ्यावर माया असू दे.
तुझा दत्ता

गंगाखेड,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. दत्तास,
ताईचे आशीर्वाद आणि जयभीम.

अक्षर मोत्यासारखं आणि काळजी पोतंभर. पाठ मुळीच करून घेऊ नकोस. पोरगी चुकली तर चुकू दे. मी पाढे म्हणताना तू मधेच उत्तर द्यायचास, तसं तिथे करू नकोस. तुझे दाजी विचारतात की मशिनीला मधली सुट्टी असते का.

वेळेवर जेव. इकडची काळजी नसावी, तुझी आम्हाला आहे.
तुझी ताई

पेडगाव,
२९ नोव्हेंबर २०२५

सौ. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

त्या दिवशी शेजारच्या कडूबाईंनी माहेरून आणलेली शेळी वर्गात आणली. ती पांढरी. सृष्टीने तिच्याकडे नीट पाहिलं आणि मेंढी म्हणून सांगितलं. पालक हसले. बाबाही आले होते, ते खाली बघायला लागले. उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं, पण तुझं आठवून गप्प बसलो.

रेणुकाबाईंनी तिला विचारलं की घरी शेळ्या असून तुला ओळखू येत नाही का. ती म्हणाली की मला दिसायलंय ती शेळी हाय, पण मी आता मशीन हाय, आन् मला समद्यांनी काळ्याच शेळ्या दावल्या.

खरंच होतं, ताई. गावातल्या शेळ्या काळ्या, तशी चित्रंही काळी. मेंढ्या मात्र पुस्तकात बघून काढलेल्या, सगळ्या पांढऱ्या. मी प्रत्येक चित्राचे कान आणि शिंगं तपासली होती. रंग ध्यानातच आला नाही. तेवढ्यात वर्गातली वैष्णवी उठून म्हणाली की चूक मशिनीची न्हाई, शिकवणाऱ्याची हाय. आता पालक माझ्याकडे बघून हसले, आणि मला लय बरं वाटलं. रेणुकाबाई म्हणाल्या की एआय त्यांनाही आजच कळलं, वर्ग चालू ठेवा.

आज शाळेत गेलो तर फाटकाशी बाबा उभे. हातात दोरी, दोरीला तांबडी शेळी. पेडगावात तशी नाही, म्हणून पाहुण्यांकडून मागून आणलेली. मला म्हणाले की ही बी दाव तुझ्या मशिनीला, पुना फसायला नको.

दाजींना सांग, मशिनीला मधली सुट्टी असते. आहे तशीच माया राहू दे.
तुझा दत्ता