ठरवून आलेली आणि घाईत आलेला

आई, आपल्या बारकीला मंगळवारी मुलगी झाली. तू गेलीस तेव्हा बारकी सहा वर्षांची होती आणि मी बारा. आता ती आई झाली, आणि मी अजून आजऱ्याला काजूच्या कारखान्यात सहा महिने, कागलच्या धाब्यावर चार, असा फिरतोय. धाब्याचा मालक लई भला माणूस, पण ते राहू दे.

एक दुपार तुला आठवते का बघ. तू भाकरी थापत होतीस, शेजारची काकू चुलीपाशी टेकून बसलेली. ती म्हणाली, "दोन्ही पोरं सिझरचीच न्हवं तुझी?" तू हसत म्हणालीस, "व्हय की! पर हिला भटजीला इचारून, मुहूर्त काढून आणली. ह्यो न बोलावता आला, मला फाडून." काकू हसली, मीही हसलो. पण ते आत रुतून बसलंय. बारकीच्या वेळी तू केसात गजरा माळून, पिशवी भरून रिक्षात बसलीस ते मी बघितलंय. पाचव्या दिवशी घरी. माझ्या वेळी म्हणे कुणाच्या तरी जीपमधनं नेलं, तुझे टाके पिकले, मी काचेच्या पेटीत, आणि तुला दूध आलंच नाही. बारकी दोन वर्षं तुझ्या अंगावर प्यायली. मी एवढा घोडा दारात उभा राहून बघत असे. माझी तर पत्रिकाही नाही, त्या धावपळीत घड्याळ कोण बघतंय.

बारकीचंही सगळं ठरलेलं. बाळ आडवं, म्हणून गुरुवारी सकाळचं सिझर, सासूनं मुहूर्तसुद्धा काढलेला. मंगळवारीच तिचं पाणी गेलं. जावई ड्युटीवर, मी नुसताच बसलेला, म्हणून मीच रिक्षातनं नेलं. तिला आत घेतल्यावर बाहेर एक वयस्कर नर्स भेटली. तिला विचारलं, ठरवून केलेल्यात आणि घाईच्यात फरक पडतो का.

"पडतोय की. घाईच्यात टाके पिकायचं, रक्त जायचं भ्या जास्त. बाळालाबी कवाकवा पेटीत ठेवाय लागतंय."

"म्हणजे आईला बाळाचाच त्रास की."

"अवो पावणं, उलटं काय धरताय? आत कायतरी अडतंय, म्हणून आमाला घाई कराय लागती. बाळानं काय केलंय त्यात?"

एवढी साधी गोष्ट मला अठ्ठावीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती. तूही नाही. तुला तरी कोण सांगणार होतं म्हणा.

दोघी सुखरूप आहेत. पोरीला एक दिवस पेटीत ठेवलं, आता आईजवळ आहे आणि दूधही पितेय. हे पत्र ठेवायला जागा नाही, आणि बारकीच्या हाती लागता कामा नये, म्हणून लिहून झालं की फाडून टाकणार. कारण डॉक्टर "आता गुरुवार न्हाय, लगेच घ्यायला पायजे" म्हणाले, तेव्हा बारकीनं भिऊन माझा हात गच्च धरला, आणि मला क्षणभर बरं वाटलं. वाटलं, आता हिलाही कळेल, मुहूर्त चुकला की काय होतं ते. काल बारकी म्हणाली, "दादा, घे की तिला." मी म्हणालो, हात धुतलेले नाहीत. धुतले होते, आई. तीनदा.