विळीला दिलेले पाणी

रत्नागिरी,
वैशाख वद्य षष्ठी, शके १८५४

राजमान्य राजश्री आप्पा, मुक्काम पूर्णगड, यांस शिवरामचा साष्टांग नमस्कार. (मी तुमच्या थोरल्या बहिणीचा नवरा, साष्टांग घालायचे काम खरे तर तुमचे. पण पत्र शेवटपर्यंत वाचलेत म्हणजे मी आडवा का पडलो ते कळेल.) येथील सर्व क्षेम आहे असे लिहितात, म्हणून लिहिले. मातुःश्रींचे गुडघे कसे आहेत? बाळ-बाळंतीण सुखरूप असतील. त्यांच्या सेवेस आलेली तुमची ताई, म्हणजे आमची मंडळी, आत्ता जवळपास असेल, तर आधी बाहेर माडाखाली जा आणि मग पुढे वाचा.

गेल्या महिन्यात येथून बदलून गेलेल्या एका इंजिनेर साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला. लोकांनी खुर्च्या घेतल्या, आरसे घेतले. मी पोलादावरचे इंग्रजी पुस्तक घेतले. पेन्शनीत आल्यापासून डोक्याला खाद्य नव्हते, ते मिळाले. आप्पा, आपण ज्याला सरसकट लोखंड म्हणतो त्यात केवढा भेद! कोळशाचा अंश चिमूटभर मुरला की त्याचे पोलाद होते. अंश नसला तर ते जन्मभर मऊ, फाजील झाला तर काचेसारखे तडकणारे. (पिठल्यातल्या मिठासारखे, असे मी तुमच्या ताईला समजावले. ती म्हणाली, पिठल्यात मीठ मी घालते, तुम्ही पुस्तक वाचा.) ती निघायच्या आदल्या दिवशी आळीतल्या बायका आमच्याकडे फणसाचे गरे तळायला जमल्या होत्या. त्या सगळ्यांसमोर तिने मला बजावले की पुस्तक वाचायला हरकत नाही, पण बसून वाचा. असे का म्हणाली ते मला तेव्हा कळले नाही.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरातले सगळे लोखंड गोळा करून गंगाराम लोहाराकडे गेलो. पुस्तकात म्हटले आहे की धारेच्या चाकावर टेकवले असता साध्या लोखंडाच्या ठिणग्या सरळ रेघेत जातात आणि पोलादाच्या ठिणग्या फुटून त्यांची फुले होतात. पहारीच्या रेघा निघाल्या, कोयत्याची थोडीफार फुले झाली, आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून होती त्या विळीची तर फुलबाजी उडाली. ही विळी म्हणजे तुमच्या वडिलांनी ताईला लग्नात दिलेली, जुन्या करवतीच्या पात्यातून घडवून घेतलेली. त्यांनी पात्यावर खुणेच्या तीन टिकल्या ठोकून घेतल्या होत्या, त्या मात्र दिसेनात. झिजल्या असतील असे समजलो. इतके उत्तम पोलाद आणि धार मात्र बोथट, हे मला सहन होईना. मी विळीला नव्याने पाणी द्यायचे, म्हणजे लाल तापवून बुडवून कठीण करायचे, ठरवले. गंगारामाने परोपरीने सांगितले, "रावसायेब, कापतेय ना ती? मंग कापू द्या की. शिकल्यासवरल्या लोखंडास परत शाळंत कशाला घालताव?" पण त्याने पुस्तक वाचलेले नाही.

पुस्तक सांगते, पाते चेरी नावाच्या विलायती फळाइतके लाल करावे. हे फळ रत्नागिरीत कोणी पाहिले आहे? मी त्याजागी कोकमाचा रतांबा धरला. मग प्रश्न आला, रतांबा अर्धाकच्चा की पिकलेला? त्यावर आमचा वाद चालला असता (आणि वादाच्या भरात गंगाराम भाता थांबवीना) पाते दोन्ही रतांब्यांच्या पुढे जाऊन पिकल्या हापूसच्या रंगावर आले. ते मी घाईघाईने थंड पाण्यात बुचकळले. चर्र झाले. कानस लावून पाहिली तर कानस घसरली, म्हणजे पाते कानशीलाही दाद देईना इतके कठीण! मला अगदी भरून आले. गंगाराम म्हणाला की आता मंद आचेवर शेकून कडकपणा थोडा उतरवायला हवा. मी पुस्तक उघडले, तर पुढची पंधरावीस पाने वाळवीने खाल्लेली. जे पुस्तकात नाही ते मी का करावे? घरी आलो, फणस घेतला, विळीवर बसलो आणि अंगाचा भार टाकला. कडाड् असा आवाज होऊन पात्याचे मधोमध दोन तुकडे झाले.

आप्पा, आता थट्टा राहू द्या. तुमचे वडील गेले तेव्हा ताईने त्यांची एकही वस्तू मागितली नाही. "मला विळी आहे," एवढेच म्हणाली. ती रागावली तर मी ऐकून घेईन, त्याची सवय आहे. पण ती काही न बोलता नुसती विळीच्या त्या रिकाम्या भिंतीकडे पाहील, आणि ते मला पाहवणार नाही. म्हणून हुबेहूब दुसरी घडवायला घेतली. आधी पिंपाची पट्टी आणली. पाचदा तापवली, पाचदा बुडवली, तरी केळफूल चिरताना वाकली. (कोळशाचा अंशच नाही, तर पाणी घेणार कोण? पालथ्या घड्यावर पाणी.) मग सर्व्हिस मोटारीवरच्या करीमने मोटारीच्या मोडक्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, एक पान दिले. ते खरे पोलाद. पण गंगाराम म्हणाला, हे पाण्यात तडकेल, तेलात बुडवा. तेल घरात होते. (माक्याचे. ताईच्या केसांचे, वर्षाच्या बेगमीचे. याचा उल्लेख तिकडे करू नये.) आता आळीभर सुवास सुटला आहे, आणि पात्याला बाक आला आहे तो काढायला गंगारामाला आठ दिवस हवेत.

हे पत्र जमाल तांडेलाबरोबर धाडतो. त्याचा मचवा भरतीला सुटेल, म्हणून तो पडवीत बसून आहे. थोरांस नमस्कार, बाळास पापा. ताईस काही सांगू नका. मी आठवण काढली की तिला संशय येतो.

आपला,
शिवराम

ता. क. मूळ विनंती राहिलीच. ताईला आठ दिवस ठेवून घ्या. समुद्र खवळला म्हणा, मातुःश्रींना कण्हायला सांगा, काहीही करा.

दुसरा ता. क. वरील सर्व रद्द! जमालला पेज करून घालावी म्हणून तांदळाच्या कणगीत हात घातला, तो आत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली विळी! पात्यावर तीन टिकल्या! माझ्यापासून लपवून गेली. नवऱ्यावर एवढा अविश्वास? (इतक्या वर्षांत मी विळीवर कधी बसलो नव्हतो, तर ओळखणार कशी?) मला फार राग आला आहे आणि त्याहून जास्त आनंद झाला आहे. ताईला केव्हाही पाठवा.

तिसरा ता. क. मोडली ती कोणाची, हे आत्ता कळले. शेजारची सोनूबाई फणस काखोटीला मारून दारात उभी राहिली. गरे तळायला आली तेव्हा तिची विळी आमच्याकडे राहिली होती. सोनूबाईचा आवाज बंदरावर ऐकू जातो. माझ्या हातात ताईची विळी होती, तीच मी तिची म्हणून देऊन टाकली.

चौथा ता. क. घात झाला. सोनूबाईने आपल्या पडवीत तो फणस लोण्यासारखा चिरला आणि तिथूनच ओरडली, "रावसायेब, माजी विळी अशी कदी कापीत नव्हती! काय केलाव तरी काय?" माझ्या तोंडून निघून गेले की पुस्तकाप्रमाणे पाणी दिले. आता सोनूबाई ती विळी कुणाच्या हाती द्यायला तयार नाही, आणि आळीतल्या चौघीजणी आपापल्या विळ्या घेऊन माझ्या पडवीत जमालशेजारी येऊन बसल्या आहेत. मी माजघरात आहे. आप्पा, ताईला हे सगळे पत्र वाचून दाखवा, तेलासकट, आणि जमालच्याच मचव्याने परत पाठवा. काय बोलायचे ते बोल म्हणावे. फक्त भिंतीकडे पाहू नकोस म्हणावे.