तुझ्यावरचं लिहून संपलं

माय, कॉलेजातली नोकरी मी सोडली. तू गेल्यावर सोडली, हे एक बरं झालं. असतीस तर रोज सकाळी डबा भरून मुकाट्याने दारात उभी राहिली असतीस. प्रकाशा गावाहून तळोद्याला जाऊन पोरांचे दाखले काढणारी कारकून होते, आता घरी बसून लिहिते. पुरवण्या, दिवाळी अंक, मोबाइलवरच्या साइटी, जो मागेल त्याला. गावात कुणी विचारलं तर ‘लिहिते’ म्हणते, आणि समोरचा म्हणतो, “ते ठीक शे, पन काम काय करस?”

वाटलं होतं, जगातल्या कशावरही लिहीन. पण लोकांना माझ्याकडून फक्त खानदेश हवा असतो, आणि माझ्याजवळचा खानदेश म्हणजे तू. आधी तुझी खापरावरची पुरणपोळी गेली. चुलीवर उपडं घातलेलं खापर, हातांवर खेळवता खेळवता कोपरापर्यंत वाढत जाणारी पोळी, धुराने लाल झालेले तुझे डोळे. मग तुझी कळण्याची भाकरी गेली, तुझ्या शिव्या गेल्या, तापीवर गोधड्या धुणं गेलं. ज्या पुरवणीला जेवढी लागली तेवढी तुला कापून दिली. नोकरीत असताना तुझ्यावरचं पहिल्यांदा छापून आलं, ते मी तुला वाचून दाखवते आहे. तू वांगी चिरते आहेस. सगळं ऐकून घेतेस आणि म्हणतेस, “पगार येस ना तुले? मंग घरनी गोट गावले कसाले सांगी ऱ्हायनी?” मी हसले होते. तेव्हा पगार येत होता, म्हणून हसू आलं.

या उन्हाळ्यात काहीच उरलं नव्हतं, तेव्हा आखाजीचं लिहिलं. सासरी गेलेल्या लेकींना माहेरी न्यायचा सण, आणि वाटणीच्या भांडणानंतर मामांनी तुला न्यायला मुऱ्हाळी पाठवणं बंद केलं. तरी तू दर आखाजीला पिशवी भरून, नवं लुगडं नेसून ओट्यावर बसायचीस. ऊन उतरलं की शेजारणींना सांगायचीस, “मीच नही म्हनी दिनं.” हे खोटं आहे, ते फक्त मला आणि मावशीला ठाऊक होतं. मावशीला कुणीतरी तो लेख वाचून दाखवला. तिचा फोन आला. “तिनी मरस तोवर झाकी ठेवं. तू पेपरमा दी दिनं. इतली भूक लागनी व्हती का तुले?” भूकच होती माय, निम्मी पोटाची आणि निम्मी नाव छापून येण्याची. तेव्हापासून मावशी फोन उचलत नाही.

कॉलेजात परत विचारायला गेले होते. माझ्या टेबलावर आता दुसरी मुलगी बसते, दाखले माझ्यापेक्षा भराभर काढते. तिने मला चहा पाजला, खुर्ची दिली, आणि कुणाकडे काम आहे म्हणून विचारलं. चहा संपवून मी जीपने घरी आले.

काल संपादकांचा निरोप आला. आईवरचं आणखी काही असेल तर पाठवा, वाचकांना आवडतं. माझ्यापाशी तुझं आता एकच उरलं आहे, दवाखान्यात शेवटच्या दिवशी माझा हात धरून तू जे बोललीस ते. हे पत्र कुठेही पाठवायचं नाही, तरी ते इथेसुद्धा लिहीत नाही, कारण एकदा लिहून झालं की मी पाठवीन. खरं सांगते माय, त्याचं शीर्षक मला सुचलेलं आहे.