डाव्या डोळ्याचं माप

सोम. ३ फेब्रु.
परळचं हॉस्पिटल. डाव्या डोळ्यात, मागच्या पडद्याखाली गाठ. कॅन्सरची. डॉक्टर मॅडमनी शब्द लपवला नाही, बरं वाटलं. गाठ मापात बसली तर बटणाएवढी किरणांची चकती डोळ्याला मागून शिवायची, काही दिवस ठेवून काढायची. जाड निघाली तर डोळाच काढायचा. माप सोनोग्राफीवर. डोळ्याची सोनोग्राफी! पोटाची ऐकून होतो.

बुध. ५
अंधारी खोली. पापणीवर गार जेल, त्यावर जाड पेनासारखी दांडी. मशीन आत आवाज सोडतं, परत येईल त्यावरून चित्र. म्हटलं, हा तर आपलाच धंदा. लाद्या बसवणारा मी, मीपण लादीवर नाणं ठोकून खाली पोकळ कुठे ते सांगतो. टेक्निशियन मुलगी हसली. दाराशी ज्युनियर डॉक्टर कुणाला तरी हळूच म्हणाला, "मॅडम म्हणतायत, बॉर्डरवर असेल तर..." कान टवकारले. पुढचं एसीने खाल्लं.
दुपारी मॅडम : "मर्यादेच्या वर आहे. डोळा काढावा लागेल."
"नाही."
"काका, जिवाचा प्रश्न आहे."
"जीव पाहिजेच. डोळापण पाहिजे."
सही न करता उठलो.

गुरु. ६
मेव्हणा दिगंबर डिलाईल रोडवरून सकाळीच हजर. सुमनने भावाला रात्रीच फोन केलेला दिसतो.
"भावजी, एक डोळो गेलो तर काय झाला? दुसरो आसा मा!"
"मग तुझा एक दे. तुझ्याकडेपण दुसरो आसा."
सुमन हसली, मग ओट्याशी पाठ फिरवून रडली. तिला माझा हट्ट नको, मी हवा. कळतं. पण विटा वाहत होतो तेव्हापासूनची सवय, माप स्वतः बघितल्याशिवाय कुणाचं काम पास केलं नाही. हे कसं करू?

सोम. १०
परत गेलो. म्हटलं, माप कसं घेतलंत दाखवा. मॅडम चिडतील वाटलं, चिडल्या नाहीत. स्क्रीनवर चित्रं लावली. एकाच गाठीची तीन मापं, तिन्ही वेगळी. मॅडम म्हणाल्या, "नजर हलली की काप तिरका जातो. तिरक्यात गाठ जाड दिसते."
टेक्निशियन मुलगी : "सर, मी 'वर बघा' सांगत होते. तुमचा डोळा सारखा दाराकडे. तिथे कोणी बोललं की लगेच तिकडे!"
मॅडम माझ्याकडे. "ऐकत होता?"
आयुष्यभर गिऱ्हाइकं काय कुजबुजतात ते ऐकून भाव ठरवले. तीच खोड डोळ्यावर आली.

मंगळ. ११
पुन्हा माप. कानात कापूस. दार बंद, सगळे मुके. छताकडे एकटक. इतका वेळ दुसऱ्याचं काही न ऐकता पहिल्यांदाच राहिलो असेन.
बसतंय! काठावर, पण बसतंय.
मॅडम : "हमी देत नाही. नजर हळूहळू जाऊ शकते. गाठ वाढली तर डोळा काढावाच लागेल."
"तेव्हाचं तेव्हा. आज चकती."
आता गाठीच्या या उंचीवरून किरणांचा हिशोब, चकती किती दिवस ठेवायची तो. सही केली, ठळक.

मंगळ. १८
काल चकती शिवली. टेबलावरच पुन्हा सोनोग्राफी केली म्हणे, गाठीच्या बरोबर खाली बसली का बघायला. मला भूल होती. लुडबुड नाही, म्हणून बरोबर बसली.
खोलीत एकटा. किरणं अंगात, जवळ यायचं नाही. सुमन दारातून, "हात लावला तर काय होईल?"
"रात्री चमकशील."
"शिरा पडो तुमच्या तोंडार!"
चला, शिव्या सुरू झाल्या.

शनि. २२
चकती काढली. डोळा टोमॅटो. दिगंबर बघून म्हणाला, "काढलो असतो तर बरो दिसलो असतो." हाकलला.

शुक्र. २३ मे
सोनोग्राफी. वाढली नाही. कमीपण नाही. मॅडम : "एवढ्यात काही सांगता येत नाही." सुमनने बाहेर विचारलं, म्हणजे चांगलं की वाईट? म्हटलं, म्हणजे डोळा आहे.
बसस्टॉपवर उजवा डोळा हाताने झाकला. सुमन म्हणे, लोक बघतायत. बघू देत.
बस आली. डाव्याला लाल दिसली, नंबर वाचता आला नाही. सुमन चढायला निघाली, तिचा हात धरून थांबवली. पुढची येऊ दे, पुन्हा बघतो.